माडीवरचं घोरणं

मी भूत शोधतो. म्हणजे पगार पुण्यात कोड लिहिण्याचा घेतो, आणि सुट्टी मिळाली की पडके वाडे, बंद गिरण्या हिंडतो. चार वर्षांत एकही भूत सापडलेलं नाही. तरी बॅगेत रेकॉर्डर, हेडलॅम्प आणि चुंबकीय क्षेत्र मोजायचं एक यंत्र असतंच. (तेच काम तुमच्या मोबाइलमधला मॅग्नेटोमीटर फुकटात करतो. भूत शोधणारी बरीचशी अ‍ॅप्स त्याचेच आकडे भीतीदायक रंगात दाखवतात. लोखंडी कपाटाजवळ जा, भूत हजर.)

गेल्या जानेवारीत, ऐन बोरांच्या दिवसांत, मेहरूणला घरी गेलो. भरीत-भाकरी वाढता वाढता आजी सहज म्हणाली, "तुझे आबा येतात रे रात्री माडीवर. घोरतात."

आबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईने माझ्याकडे बघितलं, काकांनी ताटाकडे. काकांना ती जुनी माडी पाडून स्लॅब टाकायचा होता, पण मजूर वर जायला तयार नव्हते. गल्लीतून भगत बोलावायचा सल्लाही आला होता. मी म्हटलं, आधी मी बघतो. घरात पहिल्यांदाच माझ्या छंदाला कुणी हसलं नाही.

रात्री जिन्यात बसलो. तलावाच्या बाजूने टिटवी ओरडली, ती ओळखीची. साडेअकराच्या पुढे मात्र वरून आवाज आला. खर्रर्र. थांबा. खर्रर्र. अगदी आबांचाच ठेका. मी यंत्र धरून वर सरकलो. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे ४०-४५ मायक्रोटेस्ला असतं, इथे आकडा ९० वर गेला. समोर आबांची लोखंडी ट्रंक होती. एवढी साधी गोष्ट, पण मला ती लगेच सुचली नाही. अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगतो, ते आबाच असावेत असं मला वाटत होतं. मी खाली उतरलो.

विक टँडी नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरला प्रयोगशाळेत एका रात्री करडी आकृती दिसली. तो पळाला नाही. शोधता शोधता त्याला एक पंखा सापडला. त्याच्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न कळणारा आवाज खोलीत घुमत होता. १९९८ मध्ये त्याने त्यावर शोधनिबंध लिहिला. मी तर जिना उतरून गोधडीत शिरलो होतो.

सकाळी लाज वाटून परत वर गेलो. ट्रंकेमागे जमिनीवर काळपट गोळे पडले होते. पेन्सिलीने एक फोडला. आत केस, बारीक हाडं आणि उंदराची अख्खी कवटी. त्या रात्री हेडलॅम्पला लाल कागद लावून बसलो. फुटक्या झरोक्यातून काहीतरी पांढरं आत आलं, पंखांचा जराही आवाज न करता. ट्रंकेमागच्या कोनाड्यात घोरणं एकदम वाढलं. गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं, एक मोठं, एक मधलं, एक धाकटं, बदामी तोंडं वर करून उंदीर मागत होती. भूक लागली की ही पिल्लं अशीच घोरतात.

आता आजीला काय सांगायचं? दोन दिवस टाळलं. मग ती अंगणात बोरं निवडत होती, तेव्हा शेजारी बसून सगळं सांगितलं. तिने एक किडकं बोर बाजूला टाकलं.

"मले माहीत आहे. तुझी आई बाजारात गेली तेव्हा वर चढून पाहून आले मी."

"मग आबा येतात असं का सांगितलंस?"

"घुबड म्हटलं असतं तर तुझ्या काकानं दुसऱ्याच दिवशी हाकललं असतं. बापाला कोण हाकलतं?"

काकांना मी सांगितलं की अजून तपास चालू आहे, होळीपर्यंत माडीला हात लावू नका. ते लगेच तयार झाले. निघताना आजीने तिचा मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ते घोरणं भरून घेतलंस ना, ते ह्याच्यात टाकून दे. पिल्लं उडून जातील महिन्याभरात."