झेरॉक्स जोडा

तहसील कचेरीसमोरची चहाची टपरी एखादे दिवशी बंद असेल, पण झेरॉक्सच्या दुकानाला मंदी आलेली मी पाहिली नाही. आता आधार मोबाइलमध्ये, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, सातबाराही घरबसल्या निघतो. तरी खिडकीतून आवाज येतोच, ‘‘झेरॉक्स जोडा. दोन सेट.’’

कागद संपणार हे भाकीत तसं जुनंच. अमेरिकेतल्या ‘बिझनेस वीक’ने १९७५ साली उद्याच्या ऑफिसचं चित्र रंगवलं, त्यात १९९०पर्यंत बहुतेक नोंदी इलेक्ट्रॉनिक होतील असा अंदाज होता. नोंदी झाल्याही. कागद मात्र हलला नाही.

यातली खरी गंमत चेस्टर कार्लसनची. हा गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला. कागदपत्रांच्या प्रती कधी पुऱ्या पडायच्या नाहीत. त्या हातानं उतरवा, नाहीतर फोटो काढून घ्या. त्यात त्याला संधिवात. २२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्यानं आणि त्याच्या मदतनिसानं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानं घासला. तेवढ्या घासण्यानं थरावर विद्युतभार आला. मग तारीख लिहिलेली काच वर ठेवून दिव्याचा उजेड पाडला. उजेड पडला तिथला भार गेला, अक्षरांच्या सावलीत राहिला. भुकटी टाकली तर ती तेवढ्याच जागी चिकटली. मेणकागदावर अक्षरं उमटली. पुढे कितीतरी कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. बाजारात चाललेलं यंत्र, झेरॉक्स ९१४, यायला १९५९ उजाडलं.

नकला उतरवण्याला कंटाळलेल्या माणसानं जगाला नकलांच्या हवाली केलं!

त्याचा दोष नाही. पूर्वी नक्कल हवी तर कारकुनाला बसून लिहावी लागे, म्हणून मागणाराही जपून मागे. आता प्रत दोन रुपयांत निघते, आणि ते दोन रुपये मागणाऱ्याच्या खिशातले नसतात. मग एकाऐवजी तीन मागायला काय जातं? ईमेल आल्यावरही तेच झालं. सेलेन आणि हार्पर या अभ्यासकांच्या पुस्तकात नोंद आहे की, ईमेल सुरू झालेल्या संस्थांमध्ये कागदाचा वापर सरासरी ४० टक्क्यांनी वाढला. आपल्याकडे तर अर्ज ऑनलाइन भरायचा आणि भरल्याची प्रिंट जोडायची. यात कुणाला विसंगती दिसत नाही, हे मला जास्त मजेशीर वाटतं.

मागे एका कामासाठी डिजिटल सहीचा सातबारा दिला. सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, असं त्यावर छापलेलंच असतं. खिडकीतल्या बाईंनी ते वाचलं, मान डोलावली. ‘‘बरोबर आहे तुमचं. पण साहेब असं घेत नाहीत. याची झेरॉक्स काढा, खाली ‘सत्यप्रत’ लिहून तुमची सही करा.’’

सरकारची सही चालली नाही, माझी चालली.