माईल हाय, पण जरा जपून!

डेन्व्हरला गेलात तर स्टेट कॅपिटलच्या पश्चिमेकडच्या पायऱ्या चढा. एका पायरीवर चक्क कोरून ठेवलंय, की तुम्ही समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहात. म्हणूनच या शहराचं लाडकं नाव ‘माईल हाय सिटी’. पण १ जानेवारी २०१४ पासून या ‘हाय’ला दुसराच अर्थ चिकटला. त्या दिवशी कोलोरॅडोत निव्वळ मौजेसाठीचा गांजा दुकानातून रीतसर विकला जाऊ लागला. अमेरिकेत पहिल्यांदाच!

गंमत म्हणजे, हे कुठल्या मंत्र्याने ठरवलं नाही. आपण मत देतो ते उमेदवाराला. इथे पुरेशा सह्या जमवल्या की प्रश्नच मतपत्रिकेवर येतो. २००६ साली लोकांनी गांजाला साफ ‘नाही’ म्हटलं होतं. पुन्हा सह्या गोळा झाल्या आणि ६ नोव्हेंबर २०१२ ला, ओबामांच्या दुसऱ्या निवडणुकीच्याच दिवशी, घटनादुरुस्ती क्रमांक ६४ सुमारे ५५ टक्के मतांनी पास झाली. कोलोरॅडोत ओबामांपेक्षाही गांजाला जास्त मतं पडली! गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांचा विरोध होता, पण जनतेचा कौल म्हटल्यावर अंमलबजावणी त्यांनाच करावी लागली.

दुकानात

साऊथ ब्रॉडवेवर फिरताना हिरव्या क्रॉसच्या पाट्या दिसतात. दारातच आयडी तपासतात. वय २१ पूर्ण नसेल तर बाय बाय! आतला थाट एखाद्या पॉश कॉस्मेटिक्सच्या शोरूमसारखा. काउंटरवरचा ‘बडटेंडर’ शांतपणे सगळं समजावून सांगतो. गमी, चॉकलेटं असं खाण्याचं प्रकरण असेल तर एका डोसमध्ये टीएचसी जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम. चढायला तासभर किंवा जास्तही लागतो. ‘काही होत नाही यार’ म्हणून दुसरी तोंडात टाकणारेच फसतात. खिशात कॅश ठेवा, कारण बँका या धंद्यापासून चार हात लांब राहतात. यावरच्या कराचा एक हिस्सा शाळांच्या इमारतींसाठी जातो, तेही मतदारांनीच ठरवलेलं.

ओढायचं कुठे?

खरी पंचाईत पुढेच. रस्त्यावर नाही, बागेत नाही, भाड्याच्या गाडीत नाही, बहुतेक हॉटेलांतही नाही. डेन्व्हरच्या विमानतळावर जवळ बाळगायलाही मनाई. रॉकी माउंटन नॅशनल पार्कची जमीन केंद्राची आणि केंद्राच्या कायद्यात ही मौज आजही गुन्हाच. गावागावांचीही तऱ्हा वेगळी. मॅनिटू स्प्रिंग्जमध्ये दुकानं होती, तेव्हा शेजारच्या कोलोरॅडो स्प्रिंग्जने ती वर्षानुवर्षं अडवून धरली. तिथल्या मतदारांनी होकार दिला तो थेट २०२४ मध्ये.

नोकरीचंही तसंच. हातपाय लुळे पडलेला एक कर्मचारी औषध म्हणून, तेही ड्युटी संपल्यावर घरी गांजा घेत होता. कंपनीने त्याला काढलं आणि २०१५ मध्ये कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने कंपनीचंच म्हणणं मान्य केलं.

आता आपल्या मंडळींसाठी. एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर तुम्हाला इथे मत नाही आणि मतदारांनी दिलेली ही सवलतही तुमच्या कामाची नाही. व्हिसा आणि नागरिकत्व केंद्राच्या हातात. राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचा वापर नागरिकत्वाच्या आड येऊ शकतो, हे इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्ये स्पष्टच लिहून ठेवलंय. शेजारचा गोरा कलीग बिनधास्त गमी चघळतो, त्याच टेबलावर तुमच्यासाठी ती दहा वर्षांच्या मेहनतीची किंमत ठरू शकते. पार्टीत ‘नो, थँक्स’ म्हणायला लाजू नका.

जाणार असाल तर

* मुक्कामाच्या ठिकाणचा नियम बुकिंग करतानाच विचारा.
* उंचीमुळे दम लागतो. पहिले दोन दिवस पाणी भरपूर प्या.
* घेतल्यावर गाडी चालवू नका. दारूइतकाच कडक गुन्हा आहे.
* राज्याबाहेर एक ग्रॅमही नेऊ नका, ‘आठवण’ म्हणूनसुद्धा नाही.