एनेस्कूचे व्हायोलिन

शोकात्मिका शिकवताना पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’पर्यंत पोहोचले, की दरवर्षी वर्गातून एक प्रश्न येतोच: सारे आधीच ठरलेले असेल, तर माणसाच्या हाती उरते काय? या प्रश्नाचा माग काढता काढता काही वर्षांपूर्वी मी ‘एदीप’ या फ्रेंच ऑपेरापाशी आणि त्याचा रचनाकार जॉर्ज एनेस्कू याच्यापाशी येऊन थांबले.

या ऑपेरातील स्फिंक्स आपल्या ओळखीचे कोडे घालत नाही. नियतीहून बलवान कोण, असे ती विचारते. ओयदिपौस उत्तर देतो, माणूस. आपण हरलो म्हणून रडत मरतो आहोत की जिंकलो म्हणून हसत, हे पुढचा काळच सांगेल, असे बजावून ती प्राण सोडते. सोफोक्लीसमध्ये नसलेला हा प्रसंग एनेस्कूला का भावला असावा, हे त्याचे चरित्र वाचताना कळू लागते.

एनेस्कूचा जन्म १८८१ मध्ये रुमानियातील मोल्दाविया प्रांतातल्या एका खेड्यात झाला. आधीची सारी भावंडे बालपणीच दगावलेली. सातव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या संगीतविद्यालयात दाखल झाला. १८९५ मध्ये पॅरिसला आला, आणि १८९९ मध्ये तेथील कॉन्झर्व्हेटरीचे व्हायोलिनवादनाचे पहिले पारितोषिक त्याने मिळवले. पुढची पन्नास वर्षे युरोप-अमेरिकेने त्याला प्रामुख्याने थोर व्हायोलिनवादक म्हणून ओळखले. पुढे जगद्विख्यात झालेला यहुदी मेन्युहिन १९२७ मध्ये, अकराव्या वर्षी, त्याच्याकडे शिकायला आला आणि जन्मभर त्याला गुरू मानत राहिला.

एनेस्कू मात्र स्वतःला रचनाकार समजत होता. व्हायोलिन हे त्याच्या लेखी उपजीविकेचे साधन होते, आणि रचनेचा वेळ खाणारे म्हणून काहीसे नकोसेही. ‘एदीप’ची पहिली टिपणे १९१० ची, प्रयोग पॅरिसच्या ऑपेरागृहात झाला तो १९३६ मध्ये. मधल्या पाव शतकात मैफली होत्या, दौरे होते, शिष्य होते. पहिल्या महायुद्धात तो मायदेशीच राहिला आणि जखमी सैनिकांसाठी वाजवत राहिला. एवढ्या आयुष्यात त्याने क्रमांक दिलेल्या कृती अवघ्या ३३.

हे प्रथम वाचले तेव्हा मला, खरे सांगायचे तर, दिलासा वाटला. माझ्याही खणात चौदा वर्षांपासून एक अपुरे पुस्तक आहे. उत्तरपत्रिका, समित्या, अहवाल यांनी ते खाल्ले, असे मी सर्वांना सांगत आले आहे. एनेस्कू माझ्या बाजूचा साक्षीदार वाटला.

मग त्याचा तिसरा व्हायोलिन सोनाटा ऐकला. १९२६ ची ही रचना रुमानियन लोकसंगीताच्या वळणाची आहे. गावोगाव वाजवत फिरणारे ‘लाउतार’ वादक त्याने लहानपणी ऐकले होते. आपल्या मींडेची आठवण व्हावी अशी सुरांमधली घसरण, पाव स्वरांचे अंतर, गजाचा दाब हे सारे त्याने स्वरलिपीत इतक्या बारकाईने नोंदवले आहे, की अलिखित परंपराच जणू कागदावर उतरावी. असे लिहिणे केवळ टेबलाशी बसणाऱ्या रचनाकाराला साधले नसते. त्यासाठी बोटांना ते वाद्य ठाऊक असावे लागते. ज्या व्हायोलिनला तो अडसर समजला, त्यानेच त्याला ही कृती दिली होती.

१९४६ मध्ये त्याने रुमानिया सोडला आणि तो परतला नाही. उतारवयात, पाठीचा कणा वाकलेला असतानाही, पोटासाठी वाजवणे आणि शिकवणे सुटले नाही. जुलै १९५४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. तरी मार्सेल मिहालोविची या रचनाकार मित्राच्या साहाय्याने त्याने आपली अखेरची ‘चेंबर सिम्फनी’ पूर्ण केली. मे १९५५ मध्ये पॅरिसला त्याचे निधन झाले.

नियतीहून माणूस बलवान असतो का, याचे उत्तर मी वर्गात अजूनही ठामपणे देऊ शकत नाही. एनेस्कूच्या साक्षीने एवढेच म्हणता येते, की वेळ नव्हता ही सबब त्याने पुढे केली असती तर ती खरीच ठरली असती, आणि तरीही त्या ३३ कृती उरल्या आहेत. माझ्या खणातले पुस्तक मी गेल्या महिन्यात बाहेर काढले. त्यातले शिकवण्याच्या अनुभवाचे प्रकरण, जे मी विषयांतर म्हणून गाळणार होते, तेच आता पहिले करावे असे वाटते आहे.