आमची रायडिंग स्टाइल

लग्नाचा सूट अंगाच्या मापानं शिवावा आणि मोटरसायकलचं जॅकेट स्वभावाच्या मापानं घ्यावं. अंगाचं माप टेपनं कळतं; स्वभावाचं दुकानदार तोंडी विचारतो.

"काका, तुमची रायडिंग स्टाइल काय? स्पोर्ट, टूरिंग की सिटी?" दुकानातल्या पोरानं विचारलं.

वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागं काढलेल्या माणसाला काही स्टाइल असेल, असा संशय आजवर कुणी घेतला नव्हता. मी खरं ते सांगितलं : सकाळी कर्वेनगर ते लक्ष्मी रोड, ताशी ३५ किलोमीटर. संध्याकाळी तेच, फक्त हँडलला मंडईतली पिशवी.

तरी त्यानं काढलं ते कातडी जॅकेट. आत चिठ्ठी : 'एएए'. आम्हा बँकवाल्यांना ही अक्षरं देवासमान. कर्जदाराला 'ट्रिपल ए' मिळालं की पैसे परत येण्याची खात्री मोठी. इथं जॅकेटला मिळालं की आपण परत येण्याची!

ईएन १७०९२ नावाच्या युरोपीय मानकातल्या या पायऱ्या. डांबरावर घसरताना कापड किती तग धरतं, शिवण उसवते का, हे पाहून देतात. 'एएए' सर्वांत दणकट नि जड, 'एए' लांबच्या प्रवासाला, 'ए' शहरापुरतं हलकं. 'बी'मध्ये कापड 'ए'च्या तोडीचं, पण धक्का झेलणाऱ्या गाद्या नाहीत. 'सी'मध्ये गाद्याच, घसरण्यापासून रक्षण नाही. म्हणजे जामीन आहे, तारण नाही.

'एएए' चढवून आरशात पाहिलं. अंतराळवीर दिसला. पण मे महिन्यात दोन सिग्नलांत त्याचं भरीत झालं असतं आणि जॅकेट खुंटीला गेलं असतं. खुंटीवरचं जॅकेट फक्त खुंटीचं रक्षण करतं. मी जाळीदार 'ए' घेतलं, खांद्या-कोपरांत लेव्हल दोनच्या गाद्या असलेलं. लेव्हल एकपेक्षा त्या कमी धक्का आत सोडतात. हातमोजेही घेतले. पडताना माणूस आधी तळहात टेकतो, आणि आमचं पोट नोटा मोजणाऱ्या बोटांवर!

"पस्तीसनं जाणाऱ्याला एवढा थाट?" हिनं घरी विचारलं.

प्रश्न बिनतोड. पण आपली स्टाइल आपल्या हातात. पलीकडून येणाऱ्या टँकरची स्टाइल टँकरच्या हातात. आणि डांबर कुणाचा हुद्दा विचारत नाही.

डोक्याच्या बाबतीत तर स्टाइलचा प्रश्नच नाही. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' १९३५ साली मोटरसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढं त्यांनी लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटची बाजू मांडली. आपल्याकडं आयएसआयची खूण नि आयएस ४१५१ हा आकडा पाहावा. आतला थर्मोकोल हा चेकसारखा : एकदाच वटतो. जोराचा आपटा खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच, म्हणून हिलाही घेतलं.

"आणि मागं बसणाऱ्याची स्टाइल कोणती?" तिनं विचारलं.

"सूचना करणे," मी म्हणालो.

आता दोन हेल्मेटांच्या भिंती ओलांडूनही तिचा शब्दन् शब्द मला ऐकू येतो. "हळू," हा त्यातला पहिला. ताशी ३५ला!