परसातील पाणी
पाणी सुटले तरी परसाकडील शेवटच्या खोलीचे पिंप भरेनासे झाले, तेव्हा गोरेगावच्या आमच्या चाळीत एका कुटुंबावर चोरून पंप लावल्याचा आळ आला. वडील म्हणाले, "आधी नळ तपासू, मग माणसे." पाण्याच्या वेळी त्यांनी सर्व नळ बंद करविले; मीटरचा काटा फिरतच होता. मग एकेका फाट्याची चावी बंद केली. परसाकडची बंद होताच काटा थांबला. तेथे खणल्यावर गंजलेला सांधा सापडला. तेवढाच फाटा बंद ठेवून तो बदलला, आळही मिटला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन माणुसकीचा हक्क बजावला. तो वारसा सांगणाऱ्या आपण थेंबाची आणि शेजाऱ्याच्या अब्रूची सारखीच राखण करावी.