कोयत्याला किती हात?

दिवाळी सरली की जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील कितीतरी वाड्यातांडे ओस पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हा शब्द आम्हांला केवळ हिशेबाचा वाटे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी हंगाम अर्धा टाकून परतली आणि त्या शब्दाची धार आम्हांला कळली.

डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिचा पाय घसरला, खुबा मोडला. भरपाईचे विचारताच मुकादम म्हणाला, करार नवऱ्याशी आहे. कारखान्याने सांगितले, मजूर मुकादमाचे. खाटेवरून तिने आम्हांला विचारले, “फादर, मोळ्या म्या वाहिल्या. मंग म्या कामावर नव्हते का?”

आम्ही १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा चाळला. नोकरीचा करार तोंडीही चालतो, असे त्यात होते. पण त्याला साक्षीदार मुकादमच! कंत्राटदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावरही येते, असे बारावे कलम सांगे. मात्र अपघात मालकाच्या कामाच्या किंवा ताब्यातील जागी झालेला हवा. येथे शेत शेतकऱ्याचे, ट्रक वाहतूकदाराचा. वादाला जागाच जागा. पुढे २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगारा’चा ‘कर्मचारी’ झाला, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा विषय आपल्यात घेतला. शब्द बदलले, कोयता तोच राहिला.

संतापाने पत्र लिहायला बसलो आणि आमचा हात थबकला. आदल्या उन्हाळ्यात चर्चची कौले बदलणाऱ्या मजुरांची नावे आम्ही तरी कुठे टिपली होती? ठेकेदाराला रक्कम दिली, पावती घेतली, संपले. मालकाच्या धंद्याबाहेरील कामावरचा नैमित्तिक मजूर जुन्या कायद्यात कामगार ठरतच नसे. २००० साली ती वगळ कायद्यातून गेली. आमच्या मनातून गेली नव्हती.

पत्र गेले. थोडी रक्कम आली, तीही भरपाई म्हणून नव्हे, ‘मदत’ म्हणून. ती भगिनी आजही काठी टेकीत मिस्साला येते.

द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात शेवटच्या तासाला आलेल्यालाही धन्याने कामकरी धरले. चर्चच्या कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आता आम्ही वहीत स्वतंत्र ओळीवर लिहितो. वाचकहो, आपल्या दारी गवंडी येतो, त्याच्यामागे घमेले घेऊन त्याची बायको येते. तिचे नाव आपण कधी विचारले आहे काय?