दादांचा आवाज

ही २००५ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा नांदेडला अकरावीत शिकत होतो. एका रविवारी सकाळी लातूरहून चाचा आले. अहमदपूर, लोहा असा एस.टी.चा प्रवास करून ते थकले होते. पण हातपाय धुण्याआधीच त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली आणि दादींच्या हातात ठेवली.

"अम्मी, यात तुमच्या लेकीचं लग्न आहे," ते म्हणाले.

(आमच्या घरी दखनी बोलतात. इथे मी सर्वांचे बोलणे मराठीत दिले आहे.)

फूफीचे लग्न १९९२ साली लातूरला झाले. गंजगोलाईजवळ आमचे जुने घर होते. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. लहानपणी मी तिथे दोनदा हरवलो आहे. लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्या घरातल्या कपाटात पडून होती. पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि फितीला बुरशी लागली. चाचांनी ती एका दुकानात साफ करून घेतली आणि जेवढा भाग वाचला तेवढा सीडीवर उतरवून आणला. चाळीस मिनिटे वाचली होती.

शेजारचा माझा मित्र सीडी पाहायला आला. "तुझ्या दादाचं लग्न आहे का?" त्याने विचारले. त्याच्या घरी दादा म्हणजे मोठा भाऊ. आमच्या घरी दादा म्हणजे अब्बांचे अब्बा. ते १९९८ साली वारले. त्यांचे फोटो होते. पण चालते-बोलते दादा फक्त या चाळीस मिनिटांत होते.

मित्राच्या व्हीसीडी प्लेअरवर सीडी चालली नाही. दुकानदाराने ती संगणकाच्या फाइलच्या रूपात भरली होती. संगणक भाईजानांचा होता आणि तो माडीवर होता. दादींचे गुडघे दुखत, त्यांना जिना चढवत नसे. शिवाय दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पंधरा इंची पडद्यावर त्यांना काय दिसणार? खाली बैठकीत एकवीस इंची टीव्ही होता.

"संगणकच खाली आणू आणि टीव्हीला जोडू," भाईजान म्हणाले.

त्या वर्षी भारनियमन फार होते. आमच्याकडे दुपारी चारला वीज जायची. म्हणून आम्ही घाई केली. मी सायकलवर वजिराबादला गेलो आणि पिवळ्या पिनांची वायर घेऊन आलो. संगणकाच्या मागे एक पिवळे गोल छिद्र होते, तसेच टीव्हीलाही होते. वायर जोडली. पडद्यावर चित्र आले. पण ते काळे-पांढरे होते आणि सारखे वर पळत होते. फूफी आली की तिचे डोके खाली आणि पाय वर दिसत. चाचा हसू लागले. भाईजान मात्र हसले नाहीत.

कारण सापडायला दोन तास लागले. टीव्हीचे चित्र आडव्या रेषांनी बनते. आपल्या देशात एका चित्रात ६२५ रेषा असत आणि सेकंदाला २५ चित्रे येत. या पद्धतीला 'पाल' म्हणत. अमेरिकेत ५२५ रेषा आणि सुमारे ३० चित्रे. रंग पाठवण्याची रीतही निराळी. आमच्या संगणकातले कार्ड अमेरिकेच्या पद्धतीवर ठेवलेले होते. टीव्हीला ते कळत नव्हते. भाईजानांनी एका यादीत 'पाल' शोधून त्यावर खूण केली. चित्र एकदम थांबले आणि रंगीत झाले!

साडेतीन वाजले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाईजान दादींना म्हणाले, "पाहा दादी, फूफीचा दुपट्टा कसा लाल दिसतो!"

"लाल आहे, ठाऊक आहे मला. त्याला गोटा मीच लावला होता," दादी म्हणाल्या. "आवाज कुठे आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आवाज टीव्हीतून आपोआप येईल, असे आम्ही धरून चाललो होतो. आता एकाच वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात. तेव्हा पिवळी वायर फक्त चित्राची असे. आवाजाच्या लाल आणि पांढऱ्या वायरी वेगळ्या घ्याव्या लागत आणि मी त्या आणल्याच नव्हत्या. पुन्हा वजिराबादला जाऊन येईपर्यंत वीज गेली असती.

तेवढ्यात मला संगणकाचे छोटे स्पीकर आठवले. ते माडीवरच राहिले होते. मी धावत जाऊन ते आणले आणि संगणकाला जोडले. टीव्हीजवळ ठेवायला जागा नव्हती. दादींनी हात पुढे केला आणि एक स्पीकर मांडीवर घेतला.

आधी नुसती खरखर आली. मग भांड्यांचा आवाज, मुलांचा गोंगाट. आणि मग दादा बोलले. ते पडद्यावर दिसतही नव्हते. कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी उभे राहून कोणाला तरी सांगत होते, "पाणी दिलं का सगळ्यांना? त्या कोपऱ्यात बघा, तिकडे कोणी गेलंच नाही."

दादींनी टीव्हीकडे पाहिलेच नाही. मान खाली घालून त्या स्पीकरकडे बघत होत्या. अब्बा उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

ठीक चार वाजता वीज गेली. पंखा थांबला. कोणी काही बोलले नाही. मी स्पीकर घ्यायला पुढे झालो, पण दादींनी तो सोडला नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "वीज आली की तिथूनच लाव, पाण्यापासून."